दिव्याच्या पलीकडची खुर्ची

दिवाळी अंकासाठी लिहाल का, असा संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, अहो, मला चकलीसुद्धा धड जमत नाही, लेख कुठून जमणार? त्या म्हणाल्या, "तुमचं काम दिव्यांचंच होतं ना? मग दिव्यांवर लिहा, दिवाळीला बरं दिसेल." त्यांचा बहुधा असा समज झालाय की मी वीज मंडळात होते. तो दूर करण्यासाठी तरी लिहिणं आलं.

मी परिचारिका. नोकरीची शेवटची वर्षं भिवंडीत, कामतघरला, एका मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात गेली, आणि त्यातली बरीचशी एका छोट्या खोलीत, एका दिव्याशेजारी. खोली आधी औषधांचे खोके ठेवायची होती. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना. त्याची खडखड दिवसभर इतकी चालू असायची की वीज गेली आणि ती थांबली, की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. पेशंटसुद्धा दचकून वर बघायचे.

दिवा म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरएवढी एक पांढरी पाटी. बटण दाबलं की तिच्यातून एवढा उजेड येतो की अंगणात सकाळचं ऊन पडल्यासारखं वाटावं, फक्त ऊब नाही. काही माणसांचं मन ऋतूवर चालतं. आभाळ भरून आलं की त्यांचं आतून विझायला लागतं. झोप वाढते, अंग जड होतं, कशात रस राहत नाही, आणि काहींच्या मनात जीव नकोसा करणारे विचार येतात. परदेशात हे दुखणं हिवाळ्याचं म्हणतात. आमच्याकडे यायचे ते आषाढात. शिवाय लूमवर रात्रपाळी करणारे, ज्यांना ऊन असतं हेच विसरायला झालेलं. अशांना डॉक्टर आधी नीट तपासायचे, रक्त बघायचे, गोळ्या लागत असतील तर द्यायचे, आणि ज्यांना चालेल त्यांना सकाळी उठल्या उठल्या या दिव्यासमोर बसवायचे. दिवा हातभर अंतरावर, किंचित एका बाजूला. डोळे उघडे, पण दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. पेपर वाचा, भाजी निवडा, जपमाळ ओढा, तुमची मर्जी. अर्ध्या तासाने उठा आणि कामाला लागा. आठवडा-दोन आठवड्यांत पुष्कळांना फरक पडायचा. सगळ्यांना नाही, आणि मी तसं कधी कुणाला सांगितलंही नाही.

आमचे हे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मी सकाळी निघाले की टेबलाच्या पलीकडून पेपर खाली करून म्हणायचे, "निघाल्या का सूर्यबाई?" मग मला दारापर्यंत पोचवायला उठायचे. गुडघे गेलेले, त्यामुळे खुर्चीतून उठायला त्यांना वेळ लागायचा. तोवर मी चपला घालून दारात उभी, आणि रोज करवादायची, "बसा हो, मला काय रस्ता माहीत नाही?" पण ते उठायचेच.

दिव्याचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. एक सुताचे व्यापारी होते, त्यांना दोन आठवड्यांत बरं वाटलं. गडी हरखला आणि सकाळबरोबर संध्याकाळीही घरी परस्पर आणलेल्या दिव्यासमोर बसू लागला. औषध चांगलं म्हणून बाटलीभर प्यायचं, असा हिशेब. नंतर रात्ररात्र झोप नाही, आणि एके दिवशी त्यांनी सबंध चाळीला स्वतःच्या हाताने गुलाबी रंग द्यायला घेतला. बायको रडत दवाखान्यात. ज्यांच्या मनाला ओहोटीसारखं उधाणही येतं, त्यांच्यासाठी हा दिवा जपून वापरायचा असतो, कधीकधी मुळीच नाही. डॉक्टरांनी दिवा बंद करून त्यांना महिन्याभरात जागेवर आणलं. चाळ अजून अर्धी गुलाबी आहे.

पण मला सांगायचंय ते खुर्चीबद्दल.

सुरुवातीला आमच्या खोलीत टेबल होतं, टेबलावर दिवा, अलीकडे पेशंटची खुर्ची आणि पलीकडे, दिव्याच्या मागे, आणखी एक खुर्ची. ती तिथे होती एवढंच. मी बसायची ती बाजूला, स्टुलावर. हमीदचाचा म्हणून एक पेशंट यायचे. आयुष्य कोरं कापड तपासण्यात गेलेलं. कापडाचा तागा खालून दिवे लावलेल्या काचेवरून सरकत जातो आणि तपासणारा सुटलेली तार, पडलेली गाठ पकडतो, ते काम. असा माणूस पांढऱ्या उजेडासमोर बसवला तर दुसरं काय करणार? मी कितीदा सांगितलं, चाचा, दिव्यात बघू नका, तरी त्यांची नजर वरून खाली, वरून खाली. एकदा कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "सिस्टर, इधर से एक तार गायब है." मी हसले. त्याच आठवड्यात तो कोपरा विझला.

डॉक्टर म्हणाले, तो भाग आधीपासून लुकलुकत असणार, आपल्याला दिसलं नाही, त्यांच्या सरावलेल्या नजरेला दिसलं. मला पटलं. पाटी बदलून आणली. पण पुढच्या खेपेला चाचा बसले, थोड्या वेळाने त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि अगदी अदबीने म्हणाले, "सिस्टर, वो पीछे जो साहब बैठे हैं, उनको बोलिए ज़रा हटके बैठें. साया पड़ता है."

मागे कुणी नव्हतं. रिकामी खुर्ची. आणि दिव्याच्या मागे बसलेल्याची सावली पुढे पडत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

मी ते विसरूनही गेले असते. पण टेमघरच्या एका शाळेतल्या बाई होत्या, चाचांना ओळखत नव्हत्या, त्यांची वेळही निराळी. त्या रोज उठताना समोर मान लवून जायच्या. मला वाटलं, दिव्याला नमस्कार करतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की हात आपोआप जुळतात, तसं असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "अहो, ते एवढा वेळ समोर बसून असतात, तसंच कसं निघून जायचं?" मी स्पष्टच सांगते, त्यानंतर काही दिवस मी त्या खोलीत एकटी झाडायला गेले नाही.

डॉक्टरांनी उलगडा केला तो असा. समोर एवढा उजेड असला की त्याच्या मागचं काही दिसत नाही, सगळं काळं पडतं. आणि माणसाच्या मनाला रिकामी जागा सोसत नाही. त्यातून तिथे खुर्ची आहे हे खोलीत शिरताना बघितलेलं असतं. मन तिच्यात कुणालातरी बसवतं. "खुर्ची काढा, सिस्टर," ते म्हणाले. मी खुर्ची काढून बाहेर बाकाशेजारी ठेवली, आणि त्या दिवसापासून कुणी काही बोललं नाही. तेव्हापासून माझा नियम. घरी दिवा नेणाऱ्या प्रत्येकाला मी बजावायची: वेळ पाळा, अंतर पाळा, आणि दिव्याच्या पलीकडे खुर्ची, पाट, काहीही बसायचं ठेवू नका. लोकांना वाटायचं, हेही शास्त्रात असेल.

सुगंधाबाई आल्या त्या यानंतर.

राहनाळला गोदामं संपतात आणि जमीन खाडीकडे उतरते, तिथे त्यांचं घर. मुलगी करुणा त्यांना घेऊन आली. करुणा गोदामात पॅकिंगला होती, चुणचुणीत पोरगी, पण डोळ्यांखाली काळं. तिने सगळं एका दमात सांगितलं. वडील, जनार्दन, काही वर्षांपूर्वी ऐन पावसात होडी घेऊन खाडीत गेले ते परत आले नाहीत. होडी सापडली, माणूस नाही. तेव्हापासून दर पावसाळ्यात आई खचते. खाणं सोडते, बोलणं सोडते. मागच्या पावसाळ्यात ओहोटीच्या वेळी सरळ चिखलात चालत निघाली. खेकडे-चिंबोऱ्या पकडणाऱ्यांनी कमरेइतक्या गाळातून ओढून काढली. "रात्री मी माझी ओढणी तिच्या पदराला बांधून झोपते, मॅडम," करुणा म्हणाली. "पण मला ड्युटी हाय. दिवसा कोन बांधनार?"

सुगंधाबाई खाली मान घालून ऐकत होत्या, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. मी विचारलं, "कशाला गेला होता चिखलात?"

"त्याला आनायला," त्या म्हणाल्या. खाडीकडच्या बायका नवऱ्याला अरे-तुरे करतात. मला ते फार आवडतं, त्यात आमच्या 'अहो'पेक्षा जास्त हक्क असतो.

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, करुणाला काय काय जपायचं ते सांगितलं, आणि राहनाळहून रोज पहाटे येणं जमणार नाही म्हणून दवाखान्यातला एक दिवा घरी न्यायला दिला. मी सुगंधाबाईंना समोर बसवून सगळं शिकवलं. त्या माझं काही ऐकत नव्हत्या. फक्त मी बटण दाबलं तेव्हा त्यांनी मान वर केली, खोलीभर पडलेला उजेड बघितला आणि विचारलं, "सिस्टरबाय, यो किती लांबून दिसंल?"

मी म्हटलं, लांबून कशाला, हातभर अंतरावर ठेवायचा. त्या पहिल्यांदाच हसल्या. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

तीनेक आठवडे झाले असतील. करुणाचा फोन आला. "मॅडम, आई दिवा लावते. एक दिवस चुकवत न्हाय."

"मग चांगलं आहे की."

"चांगलं न्हाय. जेवत न्हाय. गोळ्या घेते, पन हाडं दिसाय लागलीत. तुम्ही एकदा पहाटे या."

"पहाटे कशाला?"

तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "दिवा पहाटेच लावते ना."

रिक्षा करून निघाले तेव्हा उजाडायचं होतं. पाऊस झिमझिम. गोदामांच्या रस्त्याला ताडपत्र्या ओढलेले ट्रक ओळीने उभे. शेवटचं गोदाम ओलांडलं आणि रिक्षावाल्याने आपणहून वेग कमी केला. समोर खाडीवर उजेड पडला होता. पांढरा, चौकोनी, पाण्यावर चटई अंथरावी तसा. तो म्हणाला, "मॅडम, ये लाइट रोज रहता है. हम लोग इधर रुकते नहीं." आणि मला उतरवून खरंच थांबला नाही.

करुणाने मला घरातून मागच्या पडवीत नेलं. तिथे स्टुलावर आमचा दिवा, तोंड बाहेर, खाडीकडे. आणि त्याच्या मागे, गर्द काळोखात, भिंतीला टेकून सुगंधाबाई बसल्या होत्या. एक हात दिव्यावर, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. त्यांच्या अंगावर उजेडाचा कवडसासुद्धा नव्हता. मला आधी राग आला. इतकं शिकवलं, आणि बाई औषधाची बाटली पालथी धरून बसलेली!

"सुगंधाबाई, उजेड कुणाला देताय?"

"ज्याला पायजे त्याला."

मग करुणाने दबक्या आवाजात सांगितलं. त्यांच्या आळीत पूर्वापार रीत होती. माणूस होडी घेऊन खाडीत गेला की मागच्या पडवीला कंदील टांगायचा. तो परत येईस्तोवर कंदील हलवायचा नाही, विझू द्यायचा नाही. जनार्दन गेला तेव्हाही टांगला होता. वर्षभराने दिराने, लोक हसतात म्हणून, तो काढला आणि घरात न आणता बाहेरच्या बाहेर नेऊन टाकला. तेव्हापासून पडवीत काळोख होता. आणि मी, भिवंडीतली शहाणी सिस्टर, त्यांना शंभर कंदिलांचा उजेड हातात देऊन मोकळी झाले होते.

"मॅडम," करुणाने माझं मनगट धरलं, "तिथं बघा."

उजेडाची चटई जिथे संपत होती तिथे, तिवरांच्या झाडीच्या अलीकडे, कुणीतरी उभं होतं. गुडघाभर पाण्यात, आमच्याकडे तोंड करून. पावसाच्या रेषा त्याच्या पुढून पडत होत्या. मी मनाशी म्हटलं, होडी बांधायचा खुंटा असेल. तेवढ्यात त्याने एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. फार वेळ उभं राहून दमलेला माणूस घेतो तसा.

करुणाची बोटं माझ्या मनगटात रुतली होती, म्हणजे तीही बघत होती.

"रोज एक पाऊल फुडं येतो," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या. "पन दमतो. फुडच्या ओहोटीला मीच जाते आनायला."

तिथेच मला कळलं, काय पणाला लागलंय. उभा राहिलेला कोण, हा प्रश्न माझा नव्हता. मी भगत नाही, मंतरलेलं पाणी शिंपडणं माझं काम नाही. माझी पेशंट ही पडवीतली बाई होती, आणि ती पुढच्या ओहोटीला चिखलात चालत जाणार होती. दिवा तिच्या तोंडावर वळवायला हवा होता. पण हात लावला असता तर तिने माझे हात चावले असते.

अशा वेळी पुस्तकातलं काही आठवत नाही. तोंडाला जे आलं ते बोलले. "सुगंधाबाई, त्याला दिवा दिसतोय. पण तुम्ही कुठे दिसताय? तुम्ही काळोखात. सगळीकडे गोदामं झाली, जुनी खूण राहिली नाही. नुसता दिवा बघून त्याने हे आपलंच घर कसं ओळखायचं? दिवा तुमच्या तोंडावर पाडा. तुमचं तोंड दिसू दे त्याला."

पाण्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, केस सारखे केले, उठल्या, आणि दोन्ही हातांनी दिवा आत फिरवला.

क्षणात खाडी गेली. बाहेर नुसता काळोख, त्यात काही असलं तरी दिसण्याची सोय नाही. उजेड सुगंधाबाईंच्या तोंडावर पडला. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. त्यांनी डोळे मिचकावले आणि मोठ्याने रडू लागल्या. करुणा म्हणाली, बाबा गेल्यापासून आई पहिल्यांदा रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

उजाडल्यावर परत निघाले. गोदामाच्या फाटकाशी रखवालदार चहा पीत होता. त्याला विचारलं, पहाटे तिवरांच्या अलीकडे कोण उभं राहतं? तो माझ्याकडे बघतच राहिला. "उधर कौन खड़ा रहेगा, सिस्टर? तड़के से भरती है. उधर आदमी डूब जाए इतना पानी है." मी वळून बघितलं. खरंच, त्या जागी सपाट, करडं पाणी होतं. एक काडीसुद्धा वर आलेली नव्हती.

घरी आले तेव्हा हे दाराशीच होते. "सूर्यबाई, आज सूर्याच्या आधी?" मी काही सांगितलं नाही. त्या दिवशी मात्र त्यांना चहा मी हातात नेऊन दिला.

त्यानंतर सुगंधाबाई सुधारत गेल्या. करुणा फोनवर सांगायची, भाकरी खाते, झोपते, शेजारी जाऊन बसते, खाडीकडे वळूनसुद्धा बघत नाही. ओढणीची गाठ सुटली. डॉक्टर खूष, मी तर हवेतच. असा गुण आला की आपलीच पाठ थोपटून घ्यावीशी वाटते.

गौरी-गणपती झाले, आभाळ मोकळं झालं, आणि एके दिवशी सुगंधाबाई एकट्या शेअर रिक्षाने दिवा परत द्यायला आल्या. हातभर हिरव्या बांगड्या, अंगावर मांस चढलेलं. माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट आणलेली. मी त्यांना बसवलं, चहा मागवला आणि सहज विचारलं, "आता पहाटे खाडीकडे बघता का?"

"तिकडं कशाला बगू?" त्या म्हणाल्या. "तो आला ना घरी."

माझा कप तसाच राहिला. "कोण आला?"

"आवं सिस्टरबाय, तुमीच ना दिवा आत फिरवाय सांगितलंत? कंदील बाहेर हाय तवर मानूस बाहेर. कंदील आत घेतला म्हंजे मानूस आला. म्हनून तर दिरानं बाहेरच्या बाहेर नेला ना तो. मी इतकी वरसं याडी, दिवा आत घ्यायचं सुचलंच न्हाय मना."

रीत मला अर्धीच कळली होती. उरलेली अर्धी आत्ता कळत होती. मी कसंबसं विचारलं, "कुठे असतो?"

"दिव्याच्या पलीकडं. पाट मांडते मी."

"पाट मांडू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"मंग काय भुईवर बसवू? इतक्या वरसांनी आला तो."

"बोलतो?"

"न्हाय. त्याला बोलायची खोड कवा व्हती?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"आणि दिवा बंद केलात की?"

तेव्हा त्यांनी माझ्याकडे, अडाणी पोरीकडे बघावं तसं बघितलं. "आदी डोले मिटते, मंग बटन दाबते. उठून जायला त्याला टाइम नको?"

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी सुगंधाबाईंचे कागद काढून वाचले. मग म्हणाले, गेलेलं माणूस जवळ असल्यासारखं पुष्कळांना वाटतं, तेवढ्यावरून कुणाला वेडं ठरवता येत नाही. मग सुगंधाबाईंना आत बोलावून तासभर बोलले. झोप, जेवण, खाडी, तो काही सांगतो का, बोलावतो का. बोलावत नव्हता. "लक्ष ठेवू," डॉक्टर मला म्हणाले. "पण ती आता त्याला आणायला जाणार नाही, सिस्टर. एवढंच आपल्याला हवं होतं ना?"

हो, एवढंच हवं होतं. करुणाला मी नंतर विचारलं, तुला काही दिसतं का? ती म्हणाली, "न्हाय. पन पाट उचलते तेव्हा ओला लागतो." मग स्वतःच म्हणाली, "पावसाळ्यात काय ओलं नसतं, मॅडम?" सुगंधाबाई आजही आहेत. पावसाळ्यात दिवा नेतात, सरला की आणून देतात. तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे.

मी निवृत्त झाले तेव्हा दवाखान्याने मला शालीबरोबर एक जुना दिवा दिला. हे म्हणाले, आता सूर्यबाई घरीच उगवणार. त्यानंतरच्या माघात ते गेले. झोपेत, काही त्रास न होता, आपल्याच अंथरुणावर. दहावं-तेरावं सगळं रीतीप्रमाणे झालं. त्यांचं काही राहिलं नव्हतं, कुणी वाट बघत बसावं असं काही नव्हतं.

मग आषाढ लागला. सकाळ झाली तरी उठावंसं वाटेना. केसांत कंगवा घालायला हात उचलेना. बाहेर पाऊस, आत मी, आणि दारापर्यंत पोचवायला कुणी नाही. जायचं तरी कुठे होतं? आयुष्यभर दुसऱ्यांची जी लक्षणं लिहून घेतली ती आपलीच आहेत हे ओळखायला मला नवरात्र यावी लागली नाही, एवढं तरी माझ्या पदरी टाका. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्या येऊन भेटा, आणि सकाळी दिवा सुरू करा, कसा ते मी तुम्हाला काय सांगणार?

दिवा टेबलावर ठेवला. हातभर अंतर, किंचित बाजूला. पलीकडे यांची खुर्ची, जिच्यात बसून ते पेपर वाचायचे. माझाच नियम, मीच शेकडोंना सांगितलेला. मी ती उचलायला म्हणून टेबलाला वळसा घालून गेले. पाठीवर हात ठेवला. मग तसाच काढून घेतला आणि येऊन माझ्या जागेवर बसले.

आता मला पुष्कळ बरं आहे. भाजी निवडते, हा लेखही त्या उजेडातच लिहिला. पलीकडे काय आहे ते दिव्यामुळे दिसत नाही आणि मी वाकून बघत नाही. कधी पेपर चाळवल्यासारखा आवाज येतो, तो पंख्याचाही असेल. वेळ संपली की मी आधी डोळे मिटते. बटण लगेच दाबत नाही, आणि आता करवादतही नाही. यांचे गुडघे दुखतात, उठायला जरा वेळ लागतो.